जुनी गाडी घ्यायची राहून गेली, अशी खंत कुणाला आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एखादी जुनी गाडी हातची गेल्याची खंत कुणाला आहे का, आणि तुमच्या पाहण्यात आलेल्या १९७८ च्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा भाव उतरेपर्यंत थांबावं का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: थांबू नका. पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे.

२००९ साल. मी भोसरीत एका कारखान्याच्या टूलरूमला होतो, म्हणजे साचे-हत्यारं घडवतात तिथे. ओळखीतून निरोप आला म्हणून पुण्यात प्रभात रोडच्या एका गल्लीत, एका निवृत्त सरांच्या बंगल्यावर पाण्याच्या पंपाचं कपलिंग बसवून द्यायला गेलो. पंप गॅरेजमागे होता. गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं आणि आत फिकट निळी स्टँडर्ड हेरल्ड उभी होती. १९६७ ची, दोन दारांची. सरांनी ती नवी असतानाच घेतलेली, दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता.

ज्यांनी हेरल्ड पाहिलेली नाही त्यांना सांगतो, तिचं बॉनेट इतर गाड्यांसारखं उघडत नाही. मडगार्ड आणि दिव्यांसकट गाडीचं अख्खं तोंड पुढे झुकतं. सरांनी ते उचललं आणि मी पंप विसरलो. ९४८ सीसीचं इंजिन समोर मोकळं. पुढच्या चाकावर बसून कार्ब्युरेटरचं काम करता येतं. आखणी मिकेलोत्ती या इटालियन माणसाची, मूळ गाडी इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीची, १९५९ ची, आणि आपल्याकडे ती १९६१ पासून मद्रासला तयार होऊ लागली. एवढ्याशा जागेत वळते की अरुंद गल्लीत रिव्हर्स टाकावा लागत नाही.

सरांनी सांगितले ६५ हजार. मी त्या गाडीजवळ चार वेळा गेलो. पहिल्यांदा चटई उचलून फ्लोअरचा गंज दाखवला आणि ५० म्हणालो. दुसऱ्यांदा जॅक लावला. या गाडीची मागची चाकं जॅकवर खालून आत दुमडतात. तो दोष नाही, तिचा मागचा ॲक्सलच तसा आहे, हे मला माहीत होतं. तरी मी तोंड वाकडं केलं. सर काही बोलले नाहीत. ते मुकाट्यानं उभे होते, आणि आज मला त्याच गोष्टीची सगळ्यात जास्त लाज वाटते. तिसऱ्यांदा ५७ पर्यंत आलो. चौथ्यांदा काकूंनी चहा ठेवला आणि विचारलं, "मग तुम्ही कधी नेताय?"

हे मी घरी येऊन दादाला सांगितलं. दादा बँकेत होता, व्यवहारात त्याचा शब्द घरात शेवटचा. तो म्हणाला, "घाई त्यांना आहे, तुला नाही. थांब, पन्नासला देतील." मी तीन आठवडे थांबलो.

नंतर गेलो तर गेटला बिल्डरचे निळे पत्रे लागलेले. बंगला पाडायला दिला होता, महिन्याअखेर जागा रिकामी करायची होती. चार वेळा गेलो, पण "सर, गाडी का विकताय?" एवढा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. सरांना फोन केला. गाडी कोल्हापूरच्या एका माणसानं ४५ हजाराला नेली होती, टेम्पो घेऊनच आला होता. मी म्हणालो, "सर, मी तर सत्तावन्न म्हणत होतो." सर म्हणाले, "तुम्ही म्हणत होतात. तो घेऊन गेला."

तेव्हापासून दरवर्षी गणपतीत सगळे जमलो की दादा म्हणतो, "वाचलास." त्याचे मुद्दे तीन. पार्ट मिळाले नसते, गंजानं गाडी खाल्ली असती, कागदपत्रांनी डोकं खाल्लं असतं. घरी याचं उत्तर देताना दरवेळी विषय बदलला जातो, म्हणून इथे देतो.

पार्ट. हेरल्डचं इंजिन, ब्रेक, पुढचं सस्पेन्शन ब्रिटिश गाडीचंच आहे. तिथे या गाड्या जपणारी मंडळी पुष्कळ आहेत, म्हणून बुश, सील, ब्रेकचे किट आजही नवे तयार होतात. महाग पडतात, पण मिळतात.

गंज. हेरल्डला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, आहे. तिच्या कंपनीला बॉड्या करून देणारा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीनं घेतला, तेव्हा अख्खी बॉडी एका जागी करून मिळेना. म्हणून चासीवर वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे बोल्टनं जोडायची गाडी आखली गेली. त्या सांध्यांतून पाणी शिरतं हे खरं, पण त्याच कारणानं तुकडा सोडवून, नीट करून परत बसवता येतो. चासीचे आडवे हात सडतात, ते कापून नवे वेल्ड करायचे. मी टूलरूमचा माणूस. ते काम मी रविवारी केलं असतं आणि दादाला ते माहीत होतं.

कागदपत्रं. इथे दादाचं थोडं बरोबर आहे. आरसीचं नूतनीकरण बारा वर्षं झालेलं नव्हतं. पण त्या काळी ही फी अगदी थोडी होती. दंड आणि आरटीओच्या चकरा धरूनही गाडी सोडून द्यावी असं त्यात काही नव्हतं. एप्रिल २०२२ पासून तीच फी पाच हजार झाली आणि पुढे आणखी वाढली. २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीही आली, नव्या नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांसाठी. आज ती हेरल्ड त्यात सहज बसली असती.

आता तुमची पद्मिनी. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली आणि इतकी वर्षं जिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही, तिच्याकडे लोक वळून पाहू लागले. तुम्ही लिहिलंय मालक १ लाख २० हजार सांगतात. तो भाव योग्य की जास्त हे गाडी न पाहता मी सांगणार नाही. फ्लोअर आणि दारांखालची पट्टी टोकून पाहा, स्टेअरिंगखालच्या दांड्यानं चारही गिअर पडतात का बघा. इंजिनची फार काळजी नको. १०८९ सीसीचं हे इंजिन उघडणारा मिस्त्री अजून सापडतो, आणि पार्टसाठी नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एक दिवस घालवायची तयारी ठेवा.

आरसीवर नाव कुणाचं ते मात्र आधी बघा. विकणाऱ्याच्या वडिलांचं असेल आणि ते हयात नसतील, तर आधी वारसाच्या नावावर करून घ्यायला लावा, फॉर्म ३१. त्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, इसार द्या आणि लिहून घ्या. २०२८ मध्ये ती पन्नास वर्षांची होईल, पण व्हिंटेज नोंदणीवर गाडी रोज चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती एवढंच. ऑफिसला न्यायची असेल तर साधंच नूतनीकरण करा. आणि डोक्यावर छप्पर असलेली पार्किंगची जागा नसेल तर मी वर लिहिलेलं सगळं विसरा. दोन पावसाळ्यांत तुम्ही तिची वाट लावाल, त्यापेक्षा जिथे आहे तिथे राहू द्या.

जागा असेल तर या रविवारी जा. घासाघीस करा, मी नको म्हणत नाही, पण एकाच बैठकीत करा. दोष नसलेल्या गोष्टीला दोष म्हणू नका, मालकानं ती गाडी चाळीस वर्षं पुसलेली असते. आणि तिथे पोचलात की भावाच्या आधी त्यांना विचारा, गाडी का विकताय आणि जागा कधीपर्यंत रिकामी हवी. टेम्पोवाल्याला शनिवारीच सांगून ठेवा.