प्रार्थना करूनही संयम सुटतो तेव्हा

"प्रार्थना करून उठते आणि पाचच मिनिटांत सासूबाईंवर ओरडते; मग माझा विश्वास खोटाच म्हणायचा का?" नाशिकच्या शरणपूर भागातील एका ताईंचा हा प्रश्न. घरी आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियांकडून मी तो अनेकदा ऐकलेला आहे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

सासूबाईंना स्मृतिभ्रंश आणि पतीची सातपूरच्या कारखान्यात पाळीची नोकरी. दिवस कलला की सासूबाई दाराची कडी चाचपत "बाळ शाळेतून आला का?" असे विचारू लागत, ते बाळ आता पन्नाशी ओलांडलेले. एका संध्याकाळी ताईंनी त्यांचे मनगट इतके घट्ट धरले की बांगडीचा वळ उठला. हे सांगताना त्या स्वतःच्याच मनगटावरून अंगठा फिरवत होत्या.

एकोणिसाव्या शतकात मिशनने वसवलेल्या शरणपुरात त्यांच्या घराण्याच्या चार पिढ्या गेल्या, त्यामुळे चर्चच्या मंडळीत कोणी विचारपूस केली तर "प्रभूची कृपा" याखेरीज दुसरे उत्तर देणे त्यांना जमत नसे. पवित्र आत्मा माणसात जे गुण वाढवतो, त्या आत्म्याच्या फळात बायबलने सहनशीलता सांगितली आहे आणि ती आपल्यात नाही, एवढेच त्यांना दिसत होते. मी म्हणाले, "फळ धरायला वेळ लागतो, ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षालासुद्धा चार महिने लागतात." त्या म्हणाल्या, "आणि तोवर आईंना कोणी सांभाळायचे?" माझे वाक्य मला आवडले होते, त्यांना त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

म्हणून मी त्यांना आठवडाभर एक वही ठेवायला सांगितली: संयम कधी सुटला, त्याआधी काय खाल्ले होते, रात्री किती झोप झाली. सात नोंदींपैकी पाच संध्याकाळी ६ ते ८ मधल्या निघाल्या, आणि त्या पाचही दिवशी ताई दुपारी जेवलेल्याच नव्हत्या. स्मृतिभ्रंशात अस्वस्थता बहुधा तिन्हीसांजेला वाढते, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. ती एकाएकी वाढली तर लघवीच्या संसर्गासारखे कारणही असू शकते, म्हणून डॉक्टरांना दाखवायचे ठरले.

मग आम्ही बायबलमधील १ राजे या पुस्तकाचा १९वा अध्याय उघडला. थकून झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूत उपदेश करीत नाही. भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो आणि उठवून परत खाऊ घालतो. ताई ती ओळ दोनदा वाचून म्हणाल्या, "इथे कोणी त्याचा विश्वास तपासत नाही." तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा "कोठवर" येते, तेही प्रार्थनाच आहे, हे मात्र मला आवर्जून सांगावे लागले.

त्यानंतर दुपारचे जेवण ठरल्या वेळी होऊ लागले, दिवे साडेपाचलाच लागू लागले आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी नणंद येऊन बसू लागली. राग चढू लागला की आधी हात मागे घ्यायचा, दोन पावले सरायचे आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ देत त्या सोडत्या श्वासावर "प्रभू, दया कर" म्हणायचे. लांबवलेल्या उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते, आणि तेवढ्या अवधीत तोंडातला शब्द थांबवता येतो.

शेवटच्या भेटीत त्या म्हणाल्या, "शनिवारी पुन्हा ओरडले. पण त्याच रात्री आईंची क्षमा मागितली."

"त्या काय म्हणाल्या?"

"बाळ आला का, म्हणाल्या. मी म्हटले, येईलच एवढ्यात, तोवर आपण चहा घेऊ."