घाना आणि झांबिया यांच्या सरकारी भांडवली महसुलाची तुलना कशी करायची? इतक्या वर्षांत पुढे कोण?

सार्वजनिक वित्त हा माझा रोजचा विषय, म्हणून सरळ सांगतो. 1990 पासूनचे आकडे शेजारी शेजारी मांडता येतात, पण नुसता आलेख पाहून अमका देश पुढे असं कृपया म्हणू नका.

आधी या महसुलात काय धरतात ते पाहा. आपल्या अर्थसंकल्पात भांडवली जमा म्हटलं की कर्जं, कर्जवसुली, निर्गुंतवणूक सगळं येतं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या सरकारी वित्त-आकडेवारीच्या 1986 च्या नियमपुस्तिकेत मात्र भांडवली महसूल बराच आटोपशीर आहे: सरकारी जमीन, इमारती, यंत्रं, साठे विकून आलेला पैसा आणि बिगरसरकारी मंडळींकडून भांडवली कामासाठी मिळालेली, परत न करायची रक्कम. कर्ज त्यात नाही, परदेशी सरकारांचं अनुदानही नाही. त्यामुळे घानाला 2004 मध्ये आणि झांबियाला 2005 मध्ये गरीब कर्जबाजारी देशांच्या योजनेतून मिळालेली कर्जमाफी या ओळीत शोधू नका. 2001 च्या पुस्तिकेने तर मालमत्ताविक्री महसुलातूनच काढून टाकली. मला ते पटतं. जमीन विकली की रोख येते पण जमीन जाते, सरकार काही श्रीमंत होत नाही. पण यामुळे आकड्यांची मालिका मध्येच तुटते, आणि नंतरच्या वर्षातलं शून्य म्हणजे काहीच विकलं नाही असं नसतं.

सगळ्यात मोठी रक्कम तर दोन्ही पुस्तिकांत महसुलाबाहेर आहे, ती म्हणजे सरकारी कंपन्यांची शेअरविक्री. 2008 मध्ये घानाने घाना टेलिकॉमचा 70 टक्के हिस्सा व्होडाफोनला 90 कोटी डॉलरला विकला. 2010 मध्ये झांबियाने झामटेल या सरकारी दूरसंचार कंपनीचा 75 टक्के हिस्सा लिबियाच्या लॅप ग्रीनला 25.7 कोटी डॉलरला दिला. त्या भावाने अख्खी कंपनी धरली तर घानाची सुमारे 129 कोटींची, झांबियाची 34 कोटींची. शिवाय जानेवारी 2012 मध्ये राष्ट्राध्यक्ष मायकेल साटा यांच्या सरकारने झामटेल परत ताब्यात घेतली. भांडवली महसुलाच्या ओळीवरून यातलं काही कळणार नाही.

चलनाकडेही लक्ष द्या. घानाने जुलै 2007 मध्ये 10,000 जुन्या सेडींचा एक नवा सेडी केला, झांबियाने जानेवारी 2013 मध्ये 1,000 क्वाचांचा एक. म्हणजे 12,000 कोटी जुने सेडी नव्या हिशेबात फक्त 1.2 कोटी. सगळी वर्षं एकाच चलनात आणल्याशिवाय आलेख काढूच नका. जीडीपीशी प्रमाण काढणं जास्त बरं, पण 2010 मध्ये घानाने जीडीपीचं आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती धरून तो मोजतात ते वर्ष, बदललं आणि जीडीपी सुमारे 60 टक्क्यांनी फुगला. आधी जी रक्कम 5 टक्के दिसायची ती 3 च्या आसपास आली. दोन्ही देशांची सुधारित मालिकाच घ्या.

आता पुढे कोण? टेलिकॉमच्या सौद्यात घाना, यात वाद नाही. पण एवढ्यावरून झांबियाला नालायक ठरवतात तेव्हा मला वाईट वाटतं. 1992 च्या खासगीकरण कायद्यानंतर झांबियाने अडीचशेहून जास्त सरकारी उद्योग विकले. तांब्याच्या खाणी, म्हणजे देशाचा कणाच, मार्च 2000 मध्ये विकून झाल्या. खाणी तोट्यात होत्या, कर्ज देणारे दारात उभे होते, आणि तांब्याचा भाव टनाला जेमतेम 1,800 डॉलर होता. 2006 मध्ये तोच सरासरी 6,700 च्या वर गेला. गरजेपोटी विकणाऱ्याला भाव कुठून मिळणार?

मी हे काम करायला घेतलं तर 2001 पर्यंतचा तक्ता वेगळा ठेवीन, पुढचा वेगळा. शेअरविक्रीला स्वतंत्र रकाना देईन. घानाच्या अर्थसंकल्पात ती तुटीच्या ओळीखाली, वित्तपुरवठ्यात सापडते. आणि झांबियाच्या प्रत्येक वर्षाशेजारी त्या वर्षीचा तांब्याचा भाव लिहीन.