काळजीपूर्वक सोडलेला मासा तरीही मेला, तर त्याचं काय करावं? आणि दोष कुणाचा?

तुम्ही लिहिलंय की मासा ओल्या हातांनी धरला, गळ लगेच निघाला, रक्त आलं नाही, पाण्यात धरून ठेवल्यावर तो स्वतःहून पोहत गेला. आणि थोड्या वेळाने तोच मासा जरा पुढे पोट वर करून तरंगताना दिसला. आता त्याचं काय करायचं आणि एवढं सगळं नीट करूनही तो मेला तर पाप माझ्या माथी येतं का, असं तुम्ही विचारताय. मी बरीच वर्षं गळाने मासे धरतो, त्यातले बहुतेक सोडतो, आणि हा प्रश्न मला कधीच किरकोळ वाटलेला नाही. मेलेल्या माशाचं काय करायचं हे सांगणं सोपं, म्हणून ते आधी.

तो मासा ठेवायला तिथल्या नियमांची आडकाठी नसेल, तर उचला आणि खा. मात्र त्या दिवशी जितके मासे ठेवायची मुभा आहे, त्यांत तो धरा. ‘हा तर मी सोडलाच होता’ असं म्हणून तो हिशोबाबाहेर ठेवणं आणि वर ठेवायचे तेवढे वेगळे पकडणं मला अजिबात पटत नाही. खायचा असेल तर तो नुकताच मेलाय याची खात्री हवी. कल्ले लाल, डोळे स्वच्छ आणि फुगीर, वास ताज्या पाण्याचा, तर ठीक. तापलेल्या पाण्यात बराच वेळ तरंगलेला मासा हळहळीपोटी खाऊ नका.

नियम आडवे येत असतील, म्हणजे मासा आकाराने लहान आहे, बंदीचा काळ आहे किंवा जात संरक्षित आहे, तर मेलेला असला तरी तो पाण्यातच राहू द्यायचा. अनेकांना हे खटकतं. चांगला मासा वाया जातोय, मग खाल्ला तर काय बिघडलं, असं वाटतं. पण मेलेला मासा ठेवायची सूट दिली, तर जिवंत मासा मारून ‘सोडताना मेला’ म्हणायला कुणालाही वाव मिळेल, आणि तपासणाऱ्याला दोन्हींत फरक करता येणार नाही. शिवाय वाया जातो तो फक्त आपल्या दृष्टीने. खेकडे, कासवं, पक्षी, दुसरे मासे आणि शेवटी जिवाणू त्याचा कण न् कण वापरतात. अपवाद लहान, बंदिस्त तळ्याचा. तिथे कुजणारा मासा पाण्यातला ऑक्सिजन आणखी खातो, तेव्हा तळ्याची देखभाल करणाऱ्याला सांगून तो बाहेर काढावा.

आता दोषाकडे. मासा नेमका कशाने मेला हे कळल्याशिवाय त्यावर बोलण्यात अर्थ नाही, म्हणून जरा खोलात जातो.

गळाला लागलेला मासा जीव तोडून झुंजतो तेव्हा तो पांढऱ्या स्नायूंतली साठवलेली साखर ऑक्सिजनशिवाय जाळतो. स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचतं, रक्त आम्लधर्मी होतं. यातून पूर्ववत व्हायला त्याला कित्येक तास लागतात. म्हणजे तुमच्या हातून सुटून तो जोमात गेला तेव्हा त्याचा त्रास संपलेला नव्हता. पळून जायची ताकद आणि जगायची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ मासे पुढच्या एकदोन दिवसांत, आपण घरी पोचल्यावर मरतात. तुम्हाला तुमचा दिसला इतकंच.

त्यात हवेची भर पडते. कल्ल्यांचे पातळ पापुद्रे पाण्याच्या आधाराने एकमेकांपासून सुटे राहतात. हवेत आले की ते मिटून एकमेकांना चिकटतात आणि नेमकं सगळ्यात जास्त ऑक्सिजन हवा असतो तेव्हाच श्वास बंद पडतो. १९९२ साली रेनबो ट्राउट माशांवर झालेल्या एका प्रयोगात मासे दमेपर्यंत पळवले. ज्यांना पाण्याबाहेर काढलंच नाही त्यांतले १२ टक्के मेले, ३० सेकंद हवेत धरलेल्यांतले ३८ टक्के आणि ६० सेकंद धरलेल्यांतले ७२ टक्के. प्रयोगशाळेतली परिस्थिती कठोर होती आणि प्रत्येक जातीला हे आकडे लागू पडत नाहीत, हे मान्य. पण अर्ध्या मिनिटाने किती फरक पडू शकतो हे वाचल्यापासून मी मासा फोटोसाठी पाण्याबाहेर धरत नाही. फोटो हवाच असेल तर तो पाण्यातच, हातांवर तोललेला असताना काढता येतो.

तुम्ही लिहिलेल्या वर्णनात पाण्याच्या तापमानाचा उल्लेख नाही, आणि माझा पहिला संशय तिथेच आहे. १० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. पाणी तापतं तशी माशाची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. अशा पाण्यात तुमचे हात कितीही हळुवार असले तरी काही मासे मरणारच. थंड पाण्यातल्या जातींना तर २० अंशांच्या आसपासच धाप लागायला लागते.

गळ कुठे रुतला होता हे त्याहूनही महत्त्वाचं. ओठात किंवा जबड्याच्या कोपऱ्यात असेल तर जखम सहसा किरकोळ. घशात गेला तर गोष्ट वेगळी, कारण माशाचं हृदय कल्ल्यांच्या मागेच, घशाला जवळजवळ लागून असतं. घशात खोल गेलेला गळ ओढून काढायचा नाही. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, तोंडाशी कापायचा आणि गळ आतच राहू द्यायचा. बरेच मासे असा गळ कालांतराने टाकून देतात किंवा त्याच्यासकट जगतात. टोक आत वळलेला गोल गळ वापरला तर तो बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यातच लागतो, आणि टोकाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केला की गळ क्षणात निघतो.

खोल पाण्यातून वर आणलेल्या माशाचं दुखणं निराळं. दर दहा मीटर खोलीला दाब एका वातावरणाने वाढतो, त्यामुळे ३० मीटरवरून वर आलेल्या माशाच्या वाताशयातली, म्हणजे तरंगण्यासाठी पोटात असलेल्या हवेच्या पिशवीतली, हवा पृष्ठभागावर येईपर्यंत चौपट फुगते. डोळे बाहेर येतात, जठर तोंडातून बाहेर डोकावतं. असा मासा नुसता सोडला तर तो खाली जाऊच शकत नाही आणि तरंगत राहून मरतो. त्याला वजन लावून पुन्हा खोलवर नेऊन सोडायचं साधन मिळतं. मेक्सिकोच्या आखातात अमेरिकेच्या हद्दीत खडकाळ तळाचे मासे धरणाऱ्यांना २०२२ पासून असं साधन किंवा हवा काढायची सुई होडीवर तयार ठेवणं बंधनकारक केलं होतं. तोंडातून बाहेर आलेल्या पिशवीला मात्र टोचू नका. ते वाताशय नाही, जठर आहे.

आता ज्या क्षणी खरा निर्णय घ्यायचा असतो तो क्षण. मासा हातात आहे, मलूल आहे, सोडायचा की मारायचा? इथे एक खूण उपयोगी पडते. मासा पाण्यातच ठेवून, सैल धरून, हळूच एका कुशीवर कलता करा आणि त्याचा डोळा बघा. मेंदू शाबूत असेल तर डोळा अंगाबरोबर फिरत नाही. बुबुळ खोबणीत उलट्या दिशेने सरकतं आणि नजर पाण्याच्या पातळीशी सरळ ठेवायचा प्रयत्न करतं. हालचाल बारीक असते, पण एकदा ओळखू आली की पुन्हा चुकत नाही. डोळा काचेच्या मण्यासारखा अंगाबरोबरच वळला, तर मासा फार पुढे गेलेला आहे. याच्या जोडीला शेपटीचं मूळ चिमटीत धरून बघा, ठीक असलेला मासा झटका देऊन निसटतो. पालथा केला तर तीनेक सेकंदांत सुलटा होतो. कल्ल्यांची झाकणं एका लयीत उघडझाप करतात.

डोळा उलट्या दिशेने सरकतोय पण शेपटीत जोर नाही, अशा माशाला वेळ द्या. तोंड प्रवाहाकडे करून, पोटाखाली हात ठेवून नुसता धरा. पुढेमागे ढकलायची सवय अनेकांना असते. तिचा फायदा नाही, कारण मागे ओढताना पाणी कल्ल्यांतून उलटं जातं. तो स्वतः निघून जाईपर्यंत थांबायचं, भले बाकीचे कंटाळोत.

डोळा अंगाबरोबरच वळतोय, कल्ल्यांतून रक्त वाहतंय, आणि मासा ठेवायची परवानगी आहे, तर मात्र त्याला सोडू नका. मी हे ठामपणे म्हणतो. अशा वेळी सोडणं हे माशासाठी नसतं, आपलं मन हलकं व्हावं म्हणून असतं. तो दृष्टीआड जातो आणि पुढचे कित्येक तास तडफडतो. डोक्यावर, डोळ्यांच्या जरा मागे, जड दंडुक्याचा एकच जोरदार घाव घालायचा आणि लगेच कल्ले कापून रक्त जाऊ द्यायचं. मेंदूत टोकदार सळई घालायची जपानी पद्धत शिकता आली तर तीही चांगली. नुसता कोरड्यावर टाकून ठेवला तर तो गुदमरून मरायला कित्येक मिनिटं लागतात. तसं कुणी करत असेल तर थांबवा.

मासा मरणार हे दिसतंय आणि ठेवायची परवानगी नाही, ही सगळ्यात अवघड अवस्था. मारायचीही मुभा नसते. मी तो संथ पाण्यात, पाणवनस्पतींच्या आडोशाला सोडतो, म्हणजे निदान प्रवाहाशी झुंजावं लागत नाही. मनाला बरं वाटत नाही. तरीही नियम मोडत नाही.

माशाला वेदना कळतात का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. २००३ साली ट्राउट माशांच्या ओठांत आम्ल आणि मधमाशीचं विष टोचून पाहिलं गेलं. ते मासे अंग डोलवू लागले, आम्ल टोचलेल्यांनी ओठ खड्यांवर घासले, आणि सगळेच बराच वेळ खाण्याकडे फिरकले नाहीत. ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया आहे असं म्हणणारेही आहेत. मला वाटतं, शंका असेल तर तिचा फायदा माशाला द्यावा. स्वित्झर्लंडने तो कायद्याने दिला आहे. तिथे २००८ च्या प्राणीसंरक्षण नियमांनुसार पुन्हा सोडून देण्याच्याच हेतूने मासेमारी करायला मनाई आहे. मी तितका पुढे जात नाही, कारण लहान मासे आणि दुर्मीळ जाती सोडल्या नाहीत तर पाणीच रिकामं होईल. पण त्यांचा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही.

तर दोष. तुम्ही क्रूरपणे वागला नाहीत. पण मासा तुमच्या गळामुळे मेला हेही तितकंच खरं, आणि हेतू चांगला होता म्हणून ते बदलत नाही. या दोन्ही गोष्टी एकदम मान्य केल्या की पुढे काय करायचं ते आपोआप दिसतं. २००५ सालच्या एका आढाव्यात सोडलेल्या माशांच्या मृत्यूचे २७४ अंदाज एकत्र केले होते, त्यांची सरासरी १८ टक्के निघाली. जातीनुसार, पाण्यानुसार हा आकडा जवळजवळ शून्यापासून फार वरपर्यंत जातो. समजा तुमच्या पाण्यात तो दहा टक्के आहे. एकाने चाळीस मासे पकडून सगळे सोडले तर चार मेले. दुसऱ्याने दोन पकडले, दोन्ही मारले आणि गळ गुंडाळला. कौतुक पहिल्याचं होतं, पण पाण्यातले मासे दुसऱ्यामुळे कमी मेले.

म्हणून मी किती ठेवले यापेक्षा किती पकडले यावर मर्यादा घालतो. आणि सोडलेला मासा मेलेला दिसला की त्या दिवशी तिथेच थांबतो. स्वतःला शिक्षा म्हणून नव्हे. त्या पाण्यात, त्या तापमानाला, त्या आमिषाने एक मासा नीट हाताळूनही मेला, तर पुढचाही त्याच परिस्थितीत सापडणार आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी थंड असताना जाता येतं, गळ बदलता येतो, जाड तंगूस लावून झुंज आखूड करता येते.

पुढच्या वेळी असं झालं तर पाण्याचं तापमान, गळ कुठे लागला, झुंज किती चालली आणि मासा हवेत किती वेळ होता, एवढं टिपून ठेवा. माशाला अभ्यासकांनी खूणचिठ्ठी लावलेली असेल तर तिच्यावरचा क्रमांक त्यावर दिलेल्या पत्त्यावर कळवा, मेलेल्या माशाची नोंदही त्यांना हवी असते. आणि एकाच ठिकाणी बरेच मासे तरंगताना दिसले, तर तो तुमच्या गळाचा परिणाम नव्हे. पाण्यातला ऑक्सिजन संपलाय किंवा काहीतरी मिसळलंय. कशालाही हात न लावता फोटो काढा आणि लगेच मत्स्य विभागाला कळवा.