ताट, वजनकाटा आणि पट्टी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (खानापूर तालुका): मुलगी १९ वर्षांची, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ३६ किलो. आधी सोमवार-गुरुवार, मग मार्गशीर्ष, मग सौंदत्तीच्या यल्लम्माचा नवस, असे उपास वाढत गेले. गेले दहा दिवस चहा नि काकडीवर आहे. सासूबाई म्हणतात डिंकाचे लाडू सुरू करा. गावातले डॉक्टर म्हणतात ग्लुकोजच्या दोन बाटल्या लावू. काय करावं?

उत्तर: दोन्ही नको, आणि तिला घरीही ठेवू नका. नवसाच्या उपासाला पारणं असतं, हिच्या उपासाला पारण्याचा दिवसच उरलेला नाही. हा आता उपास नाही, जेवण तोडण्याचा आजार (ॲनोरेक्सिया) वाटतो. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १४.४ भरतो, म्हणजे फारच कमी. इतक्या उपाशी शरीरात एकदम साखर-पिष्ट गेलं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. रक्तात त्यांची पातळी कोसळली की हृदयाचे ठोके चुकतात, श्वास अपुरा पडतो, पाय सुजतात, बोलणं असंबद्ध होतं, फिटही येऊ शकते. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. पहिले तीन दिवस फार जपायचे असतात, पण धोका दहाएक दिवस राहतो. फसगत अशी की पहिल्या दिवशीचा रक्ताचा रिपोर्ट बऱ्याचदा नॉर्मल येतो.

ग्लुकोजच्या बाटलीत आणखी एक खोच आहे. साखर जाळायला बी-१ म्हणजे थायमिन लागतं आणि उपाशी माणसात त्याचा साठा संपलेला असतो. म्हणून थायमिन आधी, अन्न मागाहून. मोठ्या माणसांत धोका जास्त असेल तर पूर्वापार सुरुवात किलोमागे दिवसाला १० किलोकॅलरीने करतात, म्हणजे तुमच्या मुलीला ३६०. जेमतेम दोन भाकऱ्या, किंवा तुपातले दोन लाडू! पुढे रोजचं रक्त आणि ईसीजी बघत डॉक्टर वाढवत नेतात. किशोरवयात आकडे वेगळे असतात, तेव्हा हा हिशेब घरी वापरायचा नाही.

निघायच्या आधी दोन गोष्टी बघा. नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. मग तिला उकिडवं बसवून हात न टेकता उठायला सांगा. नाडी ४०च्या खाली असेल, हात टेकल्याशिवाय उठता येत नसेल किंवा उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर उद्याची वाट नको. आधी मेडिसिन विभाग असलेल्या मोठ्या इस्पितळात न्या, मानसोपचार तिथूनच सुरू होतील. आणि हो, देवाला मध्ये घालून भांडू नका. यल्लम्माच्या नावावर वाद सुरू झाला की आजाराला वकील मिळतो.

प्रश्न (बेळगाव, नर्सिंगची विद्यार्थिनी): जेवण तोडणाऱ्या पेशंटच्या जेवणाला बसायची ड्युटी लागते. ताट रिकामं दिसतं, वजन मात्र हलत नाही. कुठे चुकतं?

उत्तर: चपातीचे तुकडे बाहीत जातात, भात ताटाच्या काठाखाली दडपला जातो, दूध बेसिनमध्ये. म्हणून जेवताना लांब बाहीचा स्वेटर नको. नॅपकिन एकच द्या आणि शेवटी मागून घ्या. जेवणाला ३० मिनिटं, मधल्या खाण्याला १५. बाथरूमला आधीच जाऊन यायचं, जेवणानंतर तासभर कुणीतरी सोबत. वेळ संपली की उरलेलं मोजून लिहा, 'पाऊण चपाती, अर्धी वाटी आमटी उरली' असं. 'बरं जेवली' या नोंदीचा रात्रपाळीच्या सिस्टरला काडीचा उपयोग नाही. उरलेल्याच्या बदल्यात काय द्यायचं ते टीमने आधी ठरवावं, ताटावर घासाघीस नको. सकाळच्या सिस्टरने अर्धी चपाती माफ केली की संध्याकाळची सिस्टर खलनायिका होते.

वजन सकाळी, लघवी झाल्यावर, त्याच काट्यावर, त्याच हलक्या गाउनमध्ये. सुरुवातीच्या नाजूक दिवसांत रोज, नंतर आठवड्यातून एक-दोनदा पुरे. वॉर्डात आठवड्याला अर्धा ते एक किलो वाढ अपेक्षित असते. एका रात्रीत किलोभर वाढलं तर हुरळून जाऊ नका. एक तर पायांवर सूज आहे, नाहीतर पहाटे पाणी ढोसलंय. लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (लघवी किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) १.००५च्या आसपास आली तर पाण्याचाच संशय घ्या. त्यात रक्तातलं सोडियम उतरून फिट येऊ शकते, म्हणून ही नुसती लबाडी समजून सोडायची नाही.

आणि जीभ सांभाळा. आपल्याकडे भेटल्या भेटल्या 'ऊटा आतेन्री?', 'जेवलीस काय?' हाच रामराम. या पेशंटला तो झडतीसारखा वाटतो. 'तब्येत सुधारली गं' म्हणालात की तिला 'जाडी झालीस' असंच ऐकू येतं. जेवताना कॅलरी नाही, वजन नाही. पाऊस, मालिका, कॉलेज, काहीही बोला. घास अडला तर एवढंच: 'भीती वाटतेय ते कळतंय. दहा मिनिटं आहेत. पुढचा घास घेऊ.' पेशंट मराठी आणि तुम्ही कानडी असाल, किंवा उलट, तर मोडकं का होईना तिच्या भाषेत बोला. उपचारांची माहिती कळेल त्या भाषेत मिळणं हा २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्कच आहे.

प्रश्न (निपाणी): २२ वर्षांच्या मुलीला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर सांगितलाय. भांडण झालं की हातावर जखमा करून घेते. मी जवळ घेते, हे म्हणतात नाटकं आहेत. गोळ्यांनी जाईल काय?

उत्तर: मूळ आजारावर हमखास अशी गोळी नाही. सोबतच्या नैराश्याला किंवा झोपेला औषध देतात, पण झोपेच्या गोळ्यांची पट्टी तिच्या हाती देऊ नका. उपयोग होतो तो मानसोपचाराचा. त्यातली डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) ही पद्धत मार्शा लिनेहान यांनी याच त्रासासाठी घडवली.

'नाटक' म्हणू नका. या आजारात भावना चटकन पेटते आणि विझायला तिला वेळ लागतो. जखम झाली तर शांतपणे, वाहत्या पाण्याने धुऊन पट्टी बांधा. तेव्हा रडारड नको, भाषणही नको. वेळ मात्र द्या, आणि जखम नसलेल्या दिवशी जास्त द्या. नाहीतर जखम झाली तरच आई जवळ बसते, हे शरीर शिकून जातं. जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल किंवा काही गिळल्याचा नुसता संशय असला तरी थेट इस्पितळ. केसच्या भीतीने लपवू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं ११५वं कलम आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीलाही तीव्र ताणाखाली धरतं, गुन्हेगार नाही.

तुम्ही दोघांनी बोलणं आधी एक करा. काय चालेल, काय नाही हे तिच्यासमोर बसून कागदावर लिहा. त्याच कागदावर: संतापाची पहिली खूण, लक्ष वळवायचे दोन उपाय, कुणाला फोन, आणि १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत नंबर (चोवीस तास, भाषा निवडता येते). 'परत करणार नाही अशी शपथ घे' याचा उपयोग होत नाही. तंबाखू-उसाच्या फवारणीचे डबे घरात असतील तर आजच कुलपात घाला, किल्ली मोठ्यांकडे. संतापाच्या भरात चेहऱ्यावर गार पाणी धरण्याची डीबीटीतली युक्ती अनेकांना लागू पडते. पण त्याने नाडी मंदावते, म्हणून हृदयविकार असेल किंवा जेवण तोडल्यामुळे नाडी आधीच कमी असेल तर ती नको.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): रूममेट जेवून लगेच उलटी काढते. दात खराब होतील म्हणून मी तिला ब्रश करायला सांगते. बरोबर काय?

उत्तर: लगेच ब्रश नको. आम्लाने मऊ झालेलं इनॅमल घासलं जातं. साध्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून चूळ भरा, ब्रश तासाभराने. कानाखाली गाल सुजलेत, बोटांच्या सांध्यांवर घट्टे आहेत, छातीत धडधडतं असं दिसलं तर पोटॅशियम आणि ईसीजी त्याच दिवशी करायला लावा. नैराश्याच्या गोळ्या लिहून घेताना तिने उलट्यांचं लपवू नये. बुप्रोपिऑन हे औषध अशा पेशंटला फिट आणू शकतं, म्हणून देत नाहीत.