निकाल, निवाडा की न्यायनिर्णय? मशिननं दिलेल्याला काय म्हणायचं

प्रश्न असा आलाय की पेपरात 'आता एआय निकाल देणार' असं वाचलं, तर निकाल, निवाडा आणि न्यायनिर्णय हे तिन्ही एकच का, आणि मशिन जे देईल त्याला यातला कुठला शब्द बसतो?

एकच नाहीत. आणि माझं मत आधीच सांगून टाकते, मशिनला फार तर 'निकाल' शब्द चालेल, बाकीचे दोन नाहीत.

निकाल हा शब्द 'लागतो'. दहावीचा निकाल लागतो, निवडणुकीचा लागतो, मॅचचा लागतो. कोणी लावला असं विचारायची गरजच पडत नाही, नुसता लागला म्हटलं तरी वाक्य पूर्ण होतं. म्हणजे त्यात कर्ता नसला तरी चालतं, शेवट झाला एवढंच महत्त्वाचं. म्हणून तर कोल्हापूरकडं निकाली कुस्ती म्हणतात, बरोबरीत सोडवायची नाही, चितपट व्हायलाच पाहिजे. कोर्टातलं प्रकरण 'निकाली काढलं' म्हणतो तेव्हाही फाईल संपली एवढाच अर्थ असतो, न्याय मिळाला की नाही हे त्या शब्दात कुठंच नाहीये. आणि एखाद्याचा 'निकाल लावणे' म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये.

निवाडा मात्र 'करावा' लागतो. निवडणे वरनं आलेला शब्द आहे, तांदूळ निवडतो तेच निवडणे. माझी आजी सूप घेऊन बसायची आणि एकेक खडा बोटानं बाजूला सारायची, मला तर निवाडा म्हटलं की तेच दिसतं, दोन्ही बाजूंचं सगळं समोर पसरायचं, खरं काय खोटं काय वेगळं करायचं आणि मग बोलायचं. पेशवाईच्या कागदांत निवाडपत्र हा शब्द भेटतो, त्यात वादीचं म्हणणं काय, प्रतिवादीचं काय, साक्षीपुरावा काय पडला हे सगळं सविस्तर यायचं. आजही जमीन रस्त्यात किंवा धरणात गेलेल्या शेतकऱ्याला हा शब्द शिकवावा लागत नाही, भूसंपादनाचा 'निवाडा' झाला का, हे तो तलाठ्याला विचारतोच. लवादाचाही निवाडाच असतो.

आता न्यायनिर्णय. हा घडवलेला कायद्याचा शब्द, बोलण्यात कोणी वापरत नाही, पण मला तोच सगळ्यात आवडतो आणि त्याचं कारण त्याच्या व्याख्येत आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधे कलम २ च्या ९ व्या पोटकलमात जे म्हटलंय त्याचा साध्या मराठीत अर्थ असा, की हुकूमनाम्याची किंवा आदेशाची जी कारणं न्यायाधीश सांगतात ते कथन म्हणजे न्यायनिर्णय. बघा हं, कोण जिंकलं हा न्यायनिर्णय नाही, का जिंकलं हा न्यायनिर्णय. जिंकल्याचा कागद तो हुकूमनामा. त्यामुळं 'कारणं दिली नाहीत पण न्यायनिर्णय दिला' असं वाक्यच होऊ शकत नाही.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लूमिस नावाच्या माणसाचा खटला झाला होता, त्यात शिक्षा ठरवताना 'कम्पास' नावाच्या सॉफ्टवेअरचा रिपोर्ट जजसमोर होता, हा माणूस पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता किती ते सांगणारा. सहा वर्षांची कैद झाली. त्या रिपोर्टातला गुण, म्हणजे शक्यतेचा आकडा, कसा काढला ते मात्र लूमिसला बघायला मिळालं नाही, कारण ते कंपनीचं व्यापारी गुपित! २०१६ मधे विस्कॉन्सिन राज्याच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की असा गुण विचारात घ्या, पण त्याच्या एकट्याच्या जोरावर शिक्षा ठरवू नका. मला विचाराल तर मराठीत त्या आकड्याला 'अंदाज' म्हणावं. निष्कर्षही म्हणू नये, कारण निष्कर्ष कशातनं काढला ते दाखवता यायला पाहिजे.

आपल्याकडं मशिनचं काम जास्त करून भाषांतराचं चाललंय. सुप्रीम कोर्टानं २०१९ मधे 'सुवास' नावाचं सॉफ्टवेअर आणलं, इंग्रजी निकालपत्रं मराठीसकट भारतीय भाषांत आणायला, आणि हे काम व्हायलाच पाहिजे, ज्याच्या घराबद्दल, शेताबद्दल लिहिलंय त्याला ते वाचता येऊ नये हे फार वाईट आहे. पण एआयनं 'लीव्ह ग्रँटेड'चं भाषांतर चक्क सुट्टी मंजूर अशा अर्थाचं केलं होतं, हे तिथल्याच एका न्यायमूर्तींनी भर कोर्टात सांगितलं होतं. तिथं लीव्ह म्हणजे अपील करायची परवानगी, मराठीत आपण 'विशेष अनुमती याचिका' म्हणतो त्यातली अनुमती. असे शब्द कोर्टाच्या इंग्रजीत ढिगानं आहेत, सेंटेन्स म्हणजे वाक्य नाही शिक्षा, सूट म्हणजे कपडे नाही दावा, रिलीफ म्हणजे सुटकेचा निःश्वास नाही, तर आपण जी 'दाद' मागतो ती. दाद हा फारसीतनं आलेला शब्द, मूळ अर्थच न्याय, गाण्याला देतो ती दाद आणि कोर्टात मागतो ती दाद एकच. हे ज्याच्या कानावर आहे असा माणूस भाषांतर तपासायला बसलाच पाहिजे.

केरळ हायकोर्टानं जुलै २०२५ मधे जिल्हा न्यायालयांसाठी जे धोरण काढलं त्यात हेच आहे, मशिनचं भाषांतर माणसानं तपासायचं आणि निष्कर्ष, दाद, आदेश, न्यायनिर्णय यातलं काहीही ठरवायला एआय वापरायचं नाही. माझ्या हिशेबानं त्यांनी शब्दांच्या सीमा अगदी बरोबर ओळखल्यात.

तर तुमच्या त्या बातमीत मशिन नक्की काय करणारे ते आधी बघा. कागद लिहून जजना देणार असेल तर 'मसुदा' लिहा, जामिनाच्या वेळी धोका किती ते सांगणार असेल तर 'अंदाज', दुसऱ्या भाषेत आणणार असेल तर सरळ 'भाषांतर'. आणि खरंच माणसाला न विचारता परस्पर प्रकरण संपवणार असेल, तर मग 'निकाल लावणार' लिहा, 'देणार' नको.