हनीफ मोहम्मद नुसता टुकटुक करायचा का? आणि मग त्याला 'लिटिल मास्टर' का म्हणायचे?

तुमचा प्रश्न असा आहे की पाकिस्तानचा हनीफ मोहम्मद म्हणजे नुसता ठोकळा, दिवसभर टुकटुक करणारा बॅट्समन, असं वाचलंय, मग गावसकरच्या आधी त्याला 'लिटिल मास्टर' का म्हणायचे. मला हा माणूस लहानपणापासून आवडतो, कारण आमच्या आजोबांनी त्याला मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर खेळताना बघितलं होतं आणि ते त्याच्याबद्दल घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचे. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी एक कबूल करतो, तो स्लो खेळायचा हे खोटं नाहीये. १९५४ ला लॉर्ड्सवर तीन तासांपेक्षा जास्त वेळ उभा राहून त्याने २० रन केले. १९५९ ला कराचीत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर मॅच बघायला आले होते, त्या अख्ख्या दिवसात पाकिस्तानने १०४ रन केले, आणि त्याच मॅचमध्ये हनीफचं नाबाद शतक आहे. पण हे नुसते आकडे बघून माणूस कळत नाही. तो असा का खेळायचा ते बघायला हवं.

हनीफचा जन्म २१ डिसेंबर १९३४ चा, जुनागढचा, म्हणजे आपल्या शेजारच्या काठियावाडातला. आई अमीर बी स्वतः खेळणारी बाई होती, बॅडमिंटन, कॅरम वगैरे, आणि पाच भाऊ, वझीर, रईस, हनीफ, मुश्ताक, सादिक. पाचातले चौघे पाकिस्तानकडून कसोटी खेळले आणि रईसचं कसोटीत बारावा खेळाडू होण्यापर्यंतच जमलं, याचं मला उगाचच वाईट वाटतं. फाळणीनंतर जुनागढ संस्थान भारतात आलं हे तुम्हाला माहीत असेलच. हे कुटुंब सगळं सोडून कराचीला गेलं आणि तिथे राहायला जागा मिळाली ती एका रिकाम्या पडलेल्या हिंदू देवळात. देवळात राहून गल्लीत क्रिकेट खेळणारी ही पोरं. वडीलही लवकर गेले.

कराचीत सिंध मदरशाच्या शाळेत त्याला कोच भेटले ते मास्टर अझीझ. हे अझीझ म्हणजे आपल्या सलीम दुराणीचे वडील! जामनगरचे विकेटकीपर, फाळणीनंतर ते कराचीला गेले आणि मुलगा इकडे भारतात राहिला. म्हणजे ज्या माणसाने हनीफला बॅट धरायला शिकवली त्याचाच मुलगा पुढे भारताकडून खेळला आणि मुंबईच्या पब्लिकचा लाडका झाला. मला तर हे आठवलं की प्रत्येक वेळी गलबलून येतं, एकाच बापाची विद्या दोन देशांत वाटली गेली.

१९५२ ला पाकिस्तान आयुष्यातली पहिली कसोटी खेळला ती दिल्लीत, फिरोजशाह कोटलावर, आपल्याविरुद्ध. हनीफ तेव्हा १७ वर्षांचा, ओपनिंगही तोच करणार आणि कीपिंगही तोच. विनू मंकडने त्या मॅचमध्ये १३ विकेट काढून पाकिस्तानला गुंडाळलं, पण पाकिस्तानच्या कसोटी इतिहासातलं पहिलं अर्धशतक या पोराच्या नावावर लागलं, ५१. पुढे त्याच दौऱ्यात मुंबईला ब्रेबॉर्नवर ९६ केले. शतक चार रननी हुकलं.

आता मुख्य गोष्ट. जानेवारी १९५८, बार्बाडोस, ब्रिजटाऊनची कसोटी, सहा दिवसांची. वेस्ट इंडीजने ५७९ वर डाव सोडला, पाकिस्तान १०६ वर ऑलआऊट, ४७३ ने मागे, फॉलोऑन, म्हणजे लगेच परत बॅटिंग. तीन दिवसांहून जास्त वेळ बाकी. समोर रॉय गिलख्रिस्ट, त्या काळातला सगळ्यात भीतीदायक बॉलर म्हणा, आणि डोक्यावर हेल्मेट वगैरे काही नाही. तिथून हनीफ जो उभा राहिला तो तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ६१, चौथ्या दिवशी १६१, पाचव्या दिवशी २७०, आणि सहाव्या दिवशी ३३७ वर आऊट झाला, एकूण ९७० मिनिटं. सोळा तासांपेक्षा जास्त! रोज रात्री कॅप्टन कारदार त्याच्या खोलीत चिठ्ठी ठेवायचा की आता सगळी आशा तुझ्यावरच आहे, तू मॅच वाचवू शकतोस, अशा अर्थाच्या. तिथल्या उन्हाने त्याच्या डोळ्यांखालची कातडी सोलून निघाली होती, हे त्याने स्वतः नंतर सांगितलंय. पाकिस्तानने ८ बाद ६५७ केले आणि मॅच ड्रॉ झाली. एक किस्सा सांगतात की झाडावर बसून मॅच बघणारा एक माणूस खाली पडला, बेशुद्ध झाला, आणि शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं काय विचारलं तर हनीफ अजून खेळतोय का, आणि उत्तर आलं हो, खेळतोय.

वेळेच्या हिशेबात कसोटीतला सगळ्यात लांब डाव आजही हाच आहे. कसोटीत आपल्या टीमच्या दुसऱ्या डावात त्रिशतक मारणारा त्याच्यानंतरचा पुढचा माणूस यायला ५६ वर्षं लागली, २०१४ ला वेलिंग्टनला न्यूझीलंडचा मॅकलम, आणि तोही आपल्याच बॉलिंगवर. वेस्ट इंडीजच्या सोबर्सने पुढे १९५८ च्या त्याच मालिकेत ३६५ मारून इंग्लंडच्या हटनचा कसोटीतल्या सगळ्यात मोठ्या स्कोअरचा ३६४ चा रेकॉर्ड मोडला, आणि तो रेकॉर्ड मोडणारा रन घेतला तेव्हा बॉलिंगला कोण होता तर आपला हनीफच.

मला सांगा, ज्या टीमकडे तुमच्यामागे भरवशाची बॅटिंग नाही, जो देश कसोटी खेळायला लागून सहाएक वर्षं झालीत, जिथे तुम्ही आऊट झालात की खेळ खल्लास, तिथे माणूस शॉट मारत बसेल का? तो आऊट होत नव्हता कारण आऊट होणं त्याला परवडणारंच नव्हतं. ज्या पोराने एकदा घर सोडलंय तो क्रीज सहज सोडत नाही, असं आपलं माझं मत.

आणि टुकटुक म्हणणाऱ्यांना मी नेहमी पुढची इनिंग सांगतो. एकच वर्षानंतर, जानेवारी १९५९, कायदेआझम ट्रॉफीची (म्हणजे पाकिस्तानची रणजी म्हणा) सेमीफायनल, कराची विरुद्ध बहावलपूर, कराचीतल्या पारशी इन्स्टिट्यूटच्या ग्राउंडवर, काथ्याच्या मॅटिंगवर. पहिल्या दिवसअखेर हनीफ २५ वर. दुसऱ्या दिवसअखेर २५५, म्हणजे एका दिवसात २३०. त्या रात्री मोठा भाऊ वझीर, जो कॅप्टनही होता, म्हणाला की तू ब्रॅडमनचा ४५२ चा, म्हणजे फर्स्ट क्लास क्रिकेटमधल्या सगळ्यात मोठ्या स्कोअरचा रेकॉर्ड मोडू शकतोस. हनीफच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. वझीरने त्याला मालिश करून घ्यायला लावली आणि लवकर झोपवलं. तिसऱ्या दिवशी परत सुरू, ४५२ मागे पडले, आणि दिवस संपायला दोन बॉल राहिले तेव्हा स्कोअरबोर्डवर हनीफ ४९६.

आता हे नीट बघा. त्याने हिशेब केला, ४९६ म्हणजे चार हवेत, बॉल दोन. शेवटच्या बॉलला स्ट्राइक आपल्याकडे राहायला हवी. त्याने ऑफ साइडला मारला, फील्डरकडून बॉल नीट धरला गेला नाही, एक पूर्ण झाला, दुसऱ्यासाठी पळाला आणि क्रीजच्या बाहेर राहिला, रन आऊट. मान खाली घालून परत येताना बोर्डावरचा आकडा बदलला आणि तिथे दिसलं ४९९. म्हणजे बोर्ड मागे होता! तो ४९८ वर होता. पहिला रन घेतल्यावर तो ४९९ वर पोचलेला होता, खरा आकडा माहीत असता तर दोन बॉलमध्ये दोनच रन हवे होते आणि इतकी घाई करावी लागली नसती, पण बोर्डवाल्या पोरांची मोजणी चुकल्यामुळे तो नसलेल्या रनांमागे पळाला. ६३५ मिनिटांत ४९९. ३३७ ला ९७० मिनिटं आणि ४९९ ला ६३५, एकाच माणसाची, एका वर्षाच्या अंतराने. गरज असेल तसा खेळणाऱ्याला टुकटुक म्हणतात का?

हा रेकॉर्ड ३५ वर्षं टिकला, १९९४ ला लाराने नाबाद ५०१ केले तेव्हा गेला.

इथे मराठी माणूस म्हणून मला भाऊसाहेब निंबाळकर आठवतातच. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, निंबाळकर नाबाद ४४३ आणि महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनच्या पुढे जायला फक्त १० रन हवे होते, आणि काठियावाडच्या टीमने मॅच सोडून दिली आणि निघून गेली. हनीफला स्कोअरबोर्डने दगा दिला आणि आपल्या निंबाळकरांना समोरच्या टीमनेच खेळू दिलं नाही. निंबाळकर तर एकही कसोटी खेळले नाहीत. हनीफच्या ४९९ बद्दल निदान जगभर लिहून आलंय, निंबाळकरांचं नाव आपल्याकडच्याच किती पोरांना माहितीये सांगा.

आता आजोबांची गोष्ट. डिसेंबर १९६०, ब्रेबॉर्न, मालिकेतली पहिली कसोटी. आजोबा गिरगावातून चालत गेले होते, डबा घेऊन. हनीफ आणि सईद अहमदने २४६ ची पार्टनरशिप केली, हनीफ १६० वर रन आऊट झाला (हो, तिथेही रन आऊट). आजोबा म्हणायचे की बाकीच्यांच्या बॅटवर बॉल लागला की टप्प असा आवाज स्टँडपर्यंत यायचा, हनीफने बॉल अडवला तर आवाजच नाही, बॉल पायाशी येऊन मेल्यासारखा पडायचा. ते सांगताना दोन्ही हात सैल सोडून दाखवायचे, हातात बॅट नसायची, छत्री असायची. मी क्लबमध्ये खेळायला लागल्यावर कोचने 'हात सैल ठेव' म्हणून ओरडायला सुरुवात केली तेव्हा मला कळलं की आजोबा काय दाखवत होते.

ती मालिका पाचही कसोट्या ड्रॉ झाली, त्याआधीची १९५४-५५ ची पाकिस्तानातलीही पाचही ड्रॉ. दोन्ही देशांना हरण्याची इतकी भीती की कोणी जिंकायला जाईचना. हनीफवर स्लोपणाचा जो शिक्का बसला त्यात या रटाळ मालिकांचाही हात आहे असं मला वाटतं. त्यानंतर १९७८ पर्यंत भारत-पाकिस्तान खेळलेच नाहीत, त्यामुळे आपल्या लोकांना तो पुढे इथे बघायलाच मिळाला नाही. नाहीतर १९६२ ला ढाक्यात इंग्लंडविरुद्ध दोन्ही डावांत शतकं, १९६४ ला मेलबर्नला कॅप्टन असताना १०४ आणि ९३ आणि वर कीपिंगही, १९६७ ला लॉर्ड्सवर नाबाद १८७, हे सगळं नंतरचंच आहे. १९६८ ला विस्डेनच्या (इंग्लंडमधल्या क्रिकेटच्या नावाजलेल्या वार्षिकाच्या) वर्षातल्या पाच सर्वोत्तम खेळाडूंत त्याचं नाव आलं. शेवटची कसोटी १९६९ ची, कराची, न्यूझीलंडविरुद्ध, आणि त्या मॅचमध्ये हनीफ, मुश्ताक, सादिक तिघे भाऊ एकत्र खेळले, सादिकची ती पहिली, हनीफची शेवटची. एकूण ५५ कसोट्या, ३९१५ रन, १२ शतकं, ॲव्हरेज ४३.९८. बुटका, टेक्निक पक्कं आणि दिवस दिवस न थकणारा, म्हणून 'लिटिल मास्टर'. गावसकरला आणि मग सचिनला हे नाव लागलं ते त्यानंतर.

रिटायर झाल्यावर बरीच वर्षं त्याने कराचीत क्रिकेटचं मासिक चालवलं. २००९ ला आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये पहिल्याच यादीत त्याला घेतलं. ११ ऑगस्ट २०१६ ला कराचीत गेला, कॅन्सरने. त्या दिवशी हृदय सहा मिनिटं बंद पडून परत सुरू झालं होतं, मुलाने शोएबने तसं सांगितलं, आणि काही तासांनी तो गेला. मी ती बातमी वाचली तेव्हा आजोबा असते तर काय म्हणाले असते हेच मनात आलं.

शोएबवरून आठवलं. १९८९ चा डिसेंबर, सचिनची पहिली मालिका, लाहोरची कसोटी दूरदर्शनवर चालू. आम्ही पोरं सचिन बघायला बसलेलो. संजय मांजरेकर २१८ वर रन आऊट झाला, आजोबा म्हणाले, विजूचा, म्हणजे विजय मांजरेकरचा मुलगा ना हा, याचा बाप होता त्या १९६० च्या मालिकेत. मग पाकिस्तानची बॅटिंग आली आणि शोएब मोहम्मद उभा राहिला तो हलेचना. पाकिस्तान ५ बाद ६९९, शोएब नाबाद २०३. आम्ही कंटाळून खाली खेळायला गेलो, परत आलो तरी तो खेळतोय. आजोबा टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसले होते. हनीफनेही १९६५ ला लाहोरलाच नाबाद २०३ केले होते, तेवढेच, हे मला खूप वर्षांनी कळलं. त्या दिवशी आजोबा फक्त एवढंच म्हणाले, "अरे, आवाज कमी करा जरा, याच्या बॅटचा आवाज येतो का बघू दे."