इंदूरला घरी येणाऱ्या डॉग ट्रेनरला फीवर वेगळी टिप द्यावी का?

ट्रेनर स्वतःचाच व्यवसाय करत असेल तर गरज नाही, त्याने फी स्वतः ठरवलेली असते. केनेलने पाठवलेला पगारी माणूस असेल तर मात्र जरूर द्या. कोर्स संपताना किंवा दिवाळीला, साधारण एका सेशनच्या फीइतकी रक्कम, थेट त्याच्या हातात. दर वेळी पन्नास-शंभर देत बसू नका, अवघडल्यासारखं होतं.

पण खरं सांगू? ट्रेनरला पैशांपेक्षा तुमचा सराव हवा असतो. दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं पुरतात. सेशनआधी दोन तास कुत्र्याला जेवण नको, भरल्या पोटी तो ट्रीटकडे बघतही नाही. पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे तयार ठेवा. आणि आपल्या इंदुरी मराठी घरांतला नेहमीचा घोळ: आजी ‘बस’ म्हणते ते बसण्यासाठी, कामवाली बाई हिंदीत ‘बस’ म्हणते ते पुरे म्हणून. कुत्रा नुसता तोंडाकडे बघत राहतो! सगळ्यांनी ‘सिट’ हा एकच शब्द धरा.

रंगपंचमीला गेरमुळे, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीमुळे, रस्ते बंद असतात, त्या दिवशीचं सेशन आधीच कळवून पुढे ढकला.